तालुक्याची सरासरी आणि वस्तीची अंगणवाडी

तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात विचारणा केली की आकडे तयार असतात. अंगणवाड्या इतक्या, सेविका इतक्या, पटावरची बालके इतकी. या आकड्यांत एक गोष्ट मात्र कधीच सापडत नाही. यातली कोणती अंगणवाडी गावठाणात आहे आणि कोणती बौद्धवाड्यात, मातंग वस्तीत, पारध्यांच्या पालावर किंवा आदिवासी पाड्यावर आहे? आणि दोन्ही ठिकाणच्या मुलांना सारखेच मिळते काय? सरकारी बालशिक्षणाची तुलना करायची तर ती इथूनच सुरू केली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

ही रीत आम्हाला बाबासाहेबांनीच शिकवली आहे. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी इलाख्यातील विद्यार्थ्यांची एकूण बेरीज मान्य करून गप्प बसणे नाकारले. त्यांनी ती बेरीज समाजगटांनुसार फोडून दाखवली. लोकसंख्येत दुसऱ्या क्रमांकावर असलेला मागासवर्ग प्राथमिक, माध्यमिक आणि महाविद्यालयीन अशा तिन्ही पायऱ्यांवर शेवटच्या क्रमांकावर होता. सरासरीने झाकलेली विषमता त्यांनी सभागृहापुढे उघडी केली. आज तेच काम तालुक्या-तालुक्यात करण्याची गरज आहे.

अंगणवाडी हा शब्दच मुळात वस्तीकडे जाणारा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. जे मूल बालवाडीपर्यंत पोहोचत नाही त्याच्या अंगणात बालवाडीने जावे, हा त्यामागचा विचार. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि हे नाव देशभर गेले. नाव गेले, पण अंगण कोणाचे, हा प्रश्न मागेच राहिला. गावाचे अंगण म्हणजे बहुतेक ठिकाणी गावठाणाचेच अंगण ठरले. मधला ओढा, मधला हमरस्ता आणि मधली जात ओलांडून तीन वर्षांच्या मुलाने तिथे यावे, अशी अपेक्षा धरली गेली.

ग्रामीण भागात ४०० ते ८०० लोकसंख्येला एक अंगणवाडी आणि १५० ते ४०० लोकसंख्येला मिनी अंगणवाडी, असा निकष ठरला. लहान वस्त्या कोणाच्या असतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. त्यांच्या वाट्याला मिनी अंगणवाडी आली. तिथे मदतनीस नाही. एकच बाई मुलांना गोळा करणार, आहार देणार, वजने घेणार, दप्तर लिहिणार आणि वेळ उरलाच तर शिकवणार. केंद्राने ऑक्टोबर २०१८ पासून आपला मानधनाचा हिस्सा वाढवला. त्यात मोठ्या अंगणवाडीच्या सेविकेला ४,५०० रुपये आणि मिनी अंगणवाडीच्या सेविकेला ३,५०० रुपये ठरले. वस्ती लहान म्हणून मूल कमी भुकेले असते काय? अलीकडे मिनी अंगणवाड्यांचे रूपांतर पूर्ण अंगणवाड्यांत करण्याचे निर्णय झाले, त्याचे स्वागतच आहे. पण पाटी बदलल्यावर मदतनीस आली का, खोली मिळाली का, हे तपासायचे कोणी?

याच्या मुळाशी कायद्यातली एक चलाखी आहे. संविधानाच्या मूळ अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे निर्देश होते. खालच्या वयाची अट त्यात नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झाले, पण ६ ते १४ वयापुरतेच. सहा वर्षांखालील बालक मूलभूत हक्काबाहेर राहिले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तीन वर्षांवरील मुलांच्या पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी सरकार व्यवस्था 'करू शकेल' एवढेच म्हटले आहे. 'करील' म्हटलेले नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने अंगणवाडीतला आहार हा बालकाचा हक्क केला. म्हणजे खिचडी हक्काची झाली आणि शिक्षण मर्जीचे राहिले. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो आपल्या मुलाला इंग्रजी माध्यमाच्या के. जी.च्या गाडीत बसवतो. शेतमजुराच्या, ऊसतोड्याच्या मुलाला अंगणवाडीशिवाय दुसरी शाळा नाही. त्यातही ऊसतोड्याचे मूल हंगामभर कारखान्याच्या कोपीवर असते आणि त्याचे नाव गावच्या पटावर असते.

यात सेविकेला दोषी धरू नका. ती बहुधा आमच्याच घरातली बाई असते. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तोही त्यांना लढूनच मिळवावा लागला.

कार्यकर्त्यांनी आता काय करावे? आपल्या तालुक्यातील दोन अंगणवाड्या निवडा, एक गावठाणातली आणि एक वस्तीतली. दोन्हीकडे सारखेच प्रश्न विचारा. इमारत स्वतःची की कोणाच्या ओसरीवर? पाणी आणि संडास आहे का? मदतनीसाचे पद भरलेले आहे का? दिवसातले किती तास मुले खरोखर शिकतात आणि किती वेळ मोबाईलवर नोंदी भरण्यात जातो? आहाराच्या वेळी कोणते मूल कुठे बसते? उत्तरे कागदावर समोरासमोर लिहा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा.

जिथे अंगणवाडीच नाही तिथे सहा वर्षांखालील मुले मोजा. १३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला होता की, नव्या अंगणवाड्या देताना अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्यावे आणि ज्या वस्तीत अशी किमान ४० मुले आहेत पण अंगणवाडी नाही, तिला मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळावी. या आदेशाचा उल्लेख करून, मुलांच्या नावांची यादी जोडून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. पुढच्या जयंतीची वर्गणी गोळा करायला घरोघर जाल, तेव्हा ही यादीही सोबत करता येईल.