घरफोडीचा आळ आणि वकिलाचें साहाय्य

आटपाडीचें नांव दूरवर पोहोंचलें तें स्वतंत्रपूर वसाहतीमुळें. औंध संस्थानचे अधिपति श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं १९३९ सालीं मॉरिस फ्रीडमन यांच्या साहाय्यानें हें खुलें कारागृह वसविलें. शिक्षा झालेल्या कैद्यानें तेथें कुटुंबासह राहावें व शेती करावी, असा हा प्रयोग होता. १९५७ सालच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाचें बीज तेथलेंच. अपराध शाबीत झालेल्या माणसाविषयीं या भूमीनें इतकी कणव दाखविली. परंतु ज्याच्यावर नुसता आळ आला आहे, ज्याचा अपराध अद्याप शाबीत व्हावयाचा आहे, त्याचे पहिले दोन दिवस कसे जातात, इकडे आमच्या शेतकरीवर्गाचें लक्ष फारसें नसतें.

तें असावयास हवें. माणदेशांत पाऊस कमी. कोणी ऊसतोडीस जातो, कोणी मेंढरें घेऊन जातो. आणि खानापूर-आटपाडीकडील कितीतरी कुटुंबें गलाईच्या, म्हणजे सोनें-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त हिंदुस्थानभर पसरलीं आहेत. कुलूप लावलेलीं घरें गांवोगांव आहेत. घर फुटलें कीं संशयाची माळ कोणाच्या तरी गळ्यांत पडतेच. बहुधा ती गड्याच्या, मेंढक्याच्या, किंवा ज्या रामोशाकडे पिढ्यान्‌पिढ्या गांवची राखण होती त्याच्याच गळ्यांत पडते. जन्मावरूनच जमातीला गुन्हेगार ठरविणारा १८७१ पासूनचा कायदा १९५२ सालीं रद्द झाला. लोकांच्या मनांतील हजेरीपट मात्र अजून चालू आहे. इकडे गलाईवाल्यावर परमुलखांत चोरीचें सोनें घेतल्याचा आळ येण्याचें भय असतेंच. तेव्हां ही गोष्ट परक्याची नव्हे.

घरफोडी म्हणजे काय, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ३३० व्या कलमांत घरफोडीची व्याख्या आहे व ३३१ व्या कलमांत शिक्षा. भिंतीला भगदाड पाडणें एवढीच घरफोडी नव्हे. कुलूप उघडून, भिंतीवरून चढून अथवा धाकदपटशानें आंत शिरलें तरी ती घरफोडीच होय. शिवाय राहतें घरच पाहिजे असेंही नाहीं. देऊळ किंवा माल ठेवण्याची इमारतही त्यांत येते, म्हणून मळ्यांतील कुलूपबंद खोलीही सुटत नाहीं. चोरीच्या हेतूनें दिवसा घर फोडल्यास १० वर्षांपर्यंत, आणि सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं फोडल्यास १४ वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. राहत्या घरांतील साध्या चोरीला मात्र ३०५ व्या कलमाखालीं ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

हा फरक नुसता कागदी नाहीं. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक न करतां आधीं नोटीस देऊन बोलवावें, अशी सोय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५ व्या कलमांत आहे. जुन्या कायद्यांतील अशाच कलमाविषयीं सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं पोलिसांना कडक ताकीद दिली होती. १४ वर्षांच्या कलमाला ही सवलत लागत नाहीं. उघड्या दारांतून कोणी घागर उचलून नेली आणि कागदोपत्रीं रात्रींची घरफोडी नोंदली गेली, तर आरोपीचे कित्येक महिने त्या एका कलमापायीं जातात. कोणतें कलम लावलें व तें फिर्यादीशीं जुळतें कीं नाहीं, हें पहिल्याच दिवशीं पाहणारा माणूस वकीलच असूं शकतो.

आतां वकील आणावयाचा कोठून? येथें एका गैरसमजाचा उलगडा करणें अवश्य आहे. ‘मला सरकारी वकील द्या’ असें आमचे लोक म्हणतात. सरकारी वकील हा आरोपीच्या विरुद्ध खटला चालविणारा असतो! आरोपीला जो विनामूल्य मिळतो तो विधी सेवा प्राधिकरणाचा वकील होय. जिल्ह्याच्या ठिकाणीं त्यासाठीं लोकअभिरक्षक नेमले आहेत. दुसरा गैरसमज याहून महागांत पडणारा: ‘माझ्या नांवावर सात-बारा आहे, मला फुकट वकील कोण देणार?’ १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाचें १२ वें कलम स्पष्ट आहे. अनुसूचित जाति-जमाती, स्त्रिया, मुलें, अपंग यांच्याबरोबरच कोठडींत असलेल्या कोणत्याही इसमाला हा हक्क आहे, आणि त्याला उत्पन्नाची अट नाहीं. घरचा कर्ता कोठडींत पडला म्हणून घाबरून बैलजोडी विकणें, जमीन गहाण टाकून मध्यस्थाच्या हातीं पैसा देणें, हे प्रकार केवळ अज्ञानापोटीं घडतात. खासगी वकील द्यावयाचा तर खुशाल द्यावा. पण तो मिळेपर्यंतचे दिवस रिकामे जाऊं देऊं नयेत.

अर्ज करण्याची खटपट मोठी नाहीं. तालुक्याच्या न्यायालयांत तालुका विधी सेवा समितीकडे किंवा सांगलीस जिल्हा प्राधिकरणाकडे नातेवाइकानें साधा अर्ज द्यावा. १५१०० हा दूरध्वनि क्रमांक साऱ्या देशांत चालतो, म्हणून गलाईवाल्यांनीं तो विशेषेंकरून लक्षांत ठेवावा. अर्ज झाला नाहीं तरी हक्क बुडत नाहीं. आरोपीला समोर आणतांच ‘तुला वकील हवा काय’ असें स्वतः विचारणें हें न्यायदंडाधिकाऱ्याचें कर्तव्य आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८१ सालीं बिहारमधील भागलपूर प्रकरणांत सांगितलें. आरोपीनें मागणी केली नाहीं म्हणून त्याला वकिलावांचून शिक्षा देतां येणार नाहीं, हें १९८६ सालीं अरुणाचल प्रदेशांतील एका खटल्यांत ठरलें.

अटकेनंतरचे २४ तास सर्वांत नाजूक. अटकेचें कारण आरोपीला सांगितलें पाहिजे, त्याच्या नातेवाइकाला खबर दिली पाहिजे, वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आंत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढें उभें केलें पाहिजे. चौकशी चालूं असतां वकिलाला भेटण्याचाही हक्क आहे, मात्र चौकशीभर वकील शेजारीं बसूं शकत नाहीं. हें सारें लिहिलेलें आहे. परंतु नोव्हेंबर २०१७ मध्यें सांगली शहरांत लुटीच्या आरोपावरून धरलेला एक तरुण पोलिसांच्या ताब्यांत मरण पावला व त्याचें प्रेत आंबोलीच्या रानांत जाळलेलें आढळलें. एका पोलीस उपनिरीक्षकासह कांहीं पोलिसांनाच त्यांत अटक झाली. म्हणून मारहाण झाली असल्यास पहिल्याच हजेरींत न्यायदंडाधिकाऱ्याला तें उघड सांगावें व त्याची नोंद करून घ्यावी. भीतीनें गप्प राहिल्यास पुढें तें शाबीत करणें फार कठीण जातें.

कबुलीविषयींही लोकांत घोटाळा आहे. पोलिसांपुढें दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुराव्यांत चालत नाहीं. मात्र तिच्या आधारें माल सांपडला, तर सांगण्यांतील तेवढा भाग चालतो. घरफोडीचे बहुतेक खटले म्हणूनच माल सांपडल्याच्या पंचनाम्यावर उभे राहतात किंवा कोसळतात. आणि पंच कोण? बहुधा आमचेच शेतकरी बंधु! जागेवर न जातां, माल डोळ्यांनीं न पाहतां, केवळ भिडेखातर कागदावर सही करणारा पंच एखाद्या निरपराध्याचीं वर्षें खर्चीं घालतो. वाचून, पाहून, मगच सही करावी. ‘मीं पाहिलें नाहीं’ असें म्हणण्यास कायद्याची कांहीं आडकाठी नाहीं. तसेंच चोरीचा माल नुकताच ज्याच्याजवळ सांपडला त्याला तो कोठून आला हें सांगावें लागतें. नाहींतर न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढूं शकतें. दागिना, मोटर, शेळ्या कांहींही घेतांना पावती मागणें हाच त्यावर उपाय.

चुकीच्या माणसाला धरल्याचा परिणाम किती भयंकर होतो तें नाशिक जिल्ह्यांतील एका प्रकरणावरून दिसतें. जून २००३ मध्यें शेतांतील झोंपडींत राहणाऱ्या कुटुंबावर दरोडा पडला, खून झाले. भटक्या जमातीचे सहा जण पकडले गेले. २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही सहाही जणांना फांशीच दिली. पुढें फेरविचार होऊन ५ मार्च २०१९ रोजीं त्याच न्यायालयानें सर्वांना निर्दोष सोडलें व प्रत्येकाला ५ लाख रुपये देण्याचा हुकूम सरकारला केला. साक्षीदार बाईनें आरंभींच पोलिसांकडील छायाचित्रांतून निराळ्याच चौघांकडे बोट दाखविलें होतें, ही गोष्ट दडपली गेली होती.

राहिला जामीन. ठराविक मुदतींत दोषारोपपत्र न आल्यास जामीन मिळण्याचा हक्कच उत्पन्न होतो. ती मुदत गुन्ह्याप्रमाणें ६० किंवा ९० दिवसांची असून तिची मोजणी वकिलाकडेच सोंपवावी, कारण दोषारोपपत्र आधीं दाखल झालें तर हा हक्क हातचा जातो. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाहीं म्हणून माणूस आंत राहतो, हें तर नित्याचेंच आहे. तेथें सात-बारा कामीं येतो. आपला सालगडी किंवा शेजारी निरपराध आहे अशी खात्री असेल, तर जमीनदार शेतकऱ्यानें आपला उतारा व ओळखीचे कागद घेऊन तारखेस न्यायालयांत हजर राहावें. मात्र आरोपी पळाला तर जामिनाची रक्कम आपल्याला भरावी लागेल, हें आधींच वकिलाकडून समजून घ्यावें.