लिनक्सवर ग्राफिक्स ड्रायव्हर : कोणता घ्यायचा, आणि पडदा काळा पडला तर काय पाहायचं

विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे चांगले चालते संगणकसुद्धा आता जुने ठरतात आणि स्वस्तात मिळतात. मांडवगण फराट्यासारख्या गावात, जिथे शाळेला किंवा अभ्यासिकेला एकदम दहा नवे संगणक परवडत नाहीत, तिथे असं जुनं यंत्र आणि त्यावर लिनक्स ही जोडी आम्हाला फार कामाची वाटते. फक्त ती बऱ्याचदा एकाच ठिकाणी मोडते. एके दिवशी अपडेटनंतर पडदा काळा राहतो, कोणीतरी म्हणतं ‘मशीन गेलं’, आणि ते कोपऱ्यात जाऊन पडतं. बहुतेक वेळा ते गेलेलं नसतं. ड्रायव्हर बसलेला नसतो, एवढंच.

ड्रायव्हर म्हणजे काय, हे ऊसपट्ट्यात समजावून सांगणं सोपं आहे. कारखान्याचा शेतकी विभाग तोडणीच्या टोळीतल्या प्रत्येकाला ओळखत नाही. तो मुकादमाला सांगतो, आणि मुकादम टोळीला कळेल अशा भाषेत काम लावतो. संगणकात कर्नल म्हणजे कारखाना, ग्राफिक्स कार्ड म्हणजे टोळी आणि ड्रायव्हर म्हणजे मुकादम. खरं तर मुकादम दोन असतात : एक कर्नलच्या आत, आणि दुसरा वर, चित्र काढण्याचं काम वाटून देणारा. हा वरचा बहुतेक वेळा ‘मेसा’ असतो. ब्रायन पॉल यांनी तो १९९३ मध्ये लिहायला घेतला.

आता निवड. कार्ड इंटेलचं असेल तर काहीही उतरवून घ्यायचं नाही. ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. एएमडीचंही तसंच : जुन्या कार्डांना ‘रेडिऑन’, नव्यांना ‘एएमडीजीपीयू’. विंडोजच्या सवयीने कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन फाइल शोधणं, हेच इथे नडतं. (एएमडीच्या कार्डांना फर्मवेअरचं पॅकेज मात्र लागतं. डेबियन १२ पासून ते स्थापनेबरोबरच येतं.)

गुंता एनव्हिडियाचा. इथे दोन मुकादम हजर असतात. ‘नूवो’ हा मुक्त ड्रायव्हर बाहेरच्या लोकांनी कार्डाचं वागणं निरखून निरखून लिहिला. पडदा तो दाखवतो, पण २०१४ नंतरच्या बऱ्याच कार्डांना पूर्ण वेगाने पळवू शकत नाही, कारण त्यासाठी लागणारं फर्मवेअर कंपनीच्या सहीशिवाय चालत नाही. दुसरा कंपनीचा स्वतःचा. तो वेगवान आहे, पण पिढी पाहून घ्यावा लागतो. फर्मी पिढीला ३९० ची शाखा, केप्लरला ४७०. या दोन्ही शाखांचं काम कंपनीने थांबवलंय, त्यामुळे नव्या कर्नलवर त्या अडतात. जीटीएक्स ९०० आणि १००० च्या मालिकांना ५८० ही शेवटची शाखा. जीटीएक्स १६०० आणि आरटीएक्सपासून पुढे कंपनीनेच कर्नलचा भाग २०२२ मध्ये खुला केला. लिनस टोरवाल्ड्स यांनी फिनलंडमधल्या जाहीर कार्यक्रमात या कंपनीला शिवी हासडली ती २०१२ मध्ये. दहा वर्षं लागली.

खोक्यावरच्या नावावर विसंबू नका. जीटी ७३० या एकाच नावाखाली फर्मी आणि केप्लर अशा दोन्ही चिप विकल्या गेल्या. म्हणून टर्मिनल उघडा, ‘एल-एस-पी-सी-आय’ लिहा, जागा सोडून ‘हायफन के’. कार्डाच्या ओळीत ‘जीएफ’ने सुरू होणारा आकडा असेल तर फर्मी, ‘जीके’ असेल तर केप्लर. त्याखाली सध्या कोणता ड्रायव्हर वापरात आहे तेही दिसतं.

आमचं मत विचाराल तर, शाळेच्या यंत्रात केप्लर किंवा त्याआधीचं कार्ड असेल आणि प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स असेल, तर ते कार्ड काढून ठेवा आणि केबल मदरबोर्डला लावा. टंकलेखन, व्हिडिओ, एमपीएससीच्या सराव परीक्षा, एवढ्याला ते पुरतं, आणि इन्व्हर्टरही जास्त वेळ टिकतो. सगळ्याच प्रोसेसरांना ही सोय नसते, हे मात्र आधी तपासा.

पडदा काळा पडला तर? आधी केबल. कार्ड असताना ती मदरबोर्डला लावलेली असणं, हा ‘बिघाड’ फार आढळतो. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ एकत्र दाबा. अक्षरांचा पडदा आला तर यंत्र जिवंत आहे. नाही आला तर पुन्हा सुरू करताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबची यादी आणा आणि ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडा. तो चालला, तर दुखणं जवळपास सापडलंच : नवीन कर्नलसाठी एनव्हिडियाचं मॉड्यूल तयार झालेलं नाही.

हे आपल्याकडे का होतं, ते नीट पाहा. कर्नल बदलला की ‘डीकेएमएस’ ते मॉड्यूल यंत्रावरच नव्याने बांधतं. त्याला काही मिनिटं लागतात. नेमकी तेव्हाच वीज गेली, तर अपडेट अर्धं राहतं. जुन्या कर्नलमधून आत जाऊन ‘सुडो डीपीकेजी’ आणि पुढे दोन हायफन जोडून ‘कॉन्फिगर’, मग ‘हायफन ए’ ही आज्ञा द्या. अर्धं काम पुरं होतं. त्यानंतर ‘सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल’. उबुंटू, मिंट, डेबियन आणि डेबियनवर बेतलेलं सी-डॅकचं बॉस, सगळीकडे हेच. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आणि विजेच्या भरवशावर अपडेट करणाऱ्यांनी जुना कर्नल कधीही पुसू नये.

जुना कर्नलही उठत नसेल तर ग्रबमध्ये ‘ई’ दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडा आणि एफ १० दाबा. ही अंधारातली बॅटरी आहे, इलाज नाही. आत शिरायला वापरा, ड्रायव्हर दुरुस्त करा, आणि तो शब्द कायमचा ठेवू नका. ठेवलात तर चित्रं काढण्याचं काम प्रोसेसरवर पडतं. ‘अबाउट’च्या पानावर ग्राफिक्ससमोर ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं, तर नेमकं हेच चाललंय असं समजा. व्हिडिओ अडखळतो, पंखा घोंगावतो, आणि लोक लिनक्सला नावं ठेवतात.

एक शेवटची जागा, सिक्युअर बूट. ते चालू असेल तर एनव्हिडियाचं मॉड्यूल बसवताना पासवर्ड विचारला जातो. पुढच्या वेळी सुरू होताना निळा पडदा येतो. घाईत सगळे ‘कंटिन्यू’ दाबतात, तो पडदा पुन्हा येत नाही आणि ड्रायव्हर चढत नाही. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. संधी हुकली असेल तर ‘सुडो एमओकेयुटिल’, पुढे दोन हायफन जोडून ‘इम्पोर्ट’, आणि चावीच्या फाइलचा पत्ता. उबुंटूत ही चावी ‘व्हार’, ‘लिब’, ‘शिम-साइन्ड’, ‘मोक’ या फोल्डरांच्या वाटेवर असते. मग यंत्र पुन्हा सुरू करा, निळा पडदा परत येईल.