विंचवाची ओळख

"मावशी, आधी उजेड टाका, मग पाऊल टाका."

बंगळुरूजवळ देवनहळ्ळीबाहेरच्या खडकाळ माळावर रात्री मिळालेली ही पहिली सूचना. सांगणारा पंचविशीतला संशोधक, मूळ साताऱ्याकडचा. अमावास्या दोन दिवसांवर आलेली. चांदण्यात विंचू शोधणं अवघड जातं, म्हणून तो काळोखाच्या रात्री निवडतो. पायात उंच बूट, हातात लांब चिमटा, पिशवीत झाकणाचे डबे आणि अतिनील किरणांची छोटी बॅटरी.

दूरवर विमानं उतरत होती. त्याने बॅटरी लावली आणि दगडाच्या कपारीत निळसर हिरवं काहीतरी झळकलं. साध्या टॉर्चने तीच जागा पाहिली, तर नुसती माती. पुन्हा जांभळा उजेड टाकला, तर आठ पाय, खेकड्यासारखे डेंगे आणि वर वळलेली नांगी. तासाभरात आम्ही अकरा विंचू मोजले. मी त्या माळावरून दिवसा कितीदा गेले असेन, एकही दिसला नव्हता.

विंचू अतिनील उजेडात चमकतात, हे १९५४ साली शास्त्रीय लेखांतून पुढे आलं. त्याआधी अभ्यासक दिवसा दगड उलटत हिंडायचे. हर्बर्ट स्टान्के यांनी १९७२ मध्ये ही चमक रानातल्या कामात किती उपयोगी पडते, हे मांडलं आणि अभ्यासाची पद्धतच बदलली. चमक कवचात असते. कात टाकलेला कोवळा विंचू चमकत नाही. कवच कडक होत जातं तशी ती उमटते. संग्रहालयातल्या बरणीत वर्षानुवर्षं पडून राहिलेला विंचूही चमकतो.

एका बिळाच्या तोंडाशी मोठी काळी इंगळी बसली होती. ती उजेडात झळाळत होती, पण तिच्या पाठीवर फिक्या पिल्लांची दाटी होती आणि त्यांच्यावर तो उजेड पडूनही ती मंदच दिसत होती. विंचवाला अंडी नसतात, जिवंत पिल्लं होतात आणि पहिली कात टाकेपर्यंत ती आईच्या पाठीवरच राहतात. 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली, त्याने हे नीट पाहिलेलं असणार.

शेजारच्या द्राक्षमळ्याचा मालक आमचा उजेड पाहून आला. कन्नडमध्ये विंचवाला चेळू म्हणतात. हा काळा चेळू माणूस मारतो, असं तो म्हणाला. संशोधकाने डब्यातला लहानसा तांबूस विंचू त्याच्यापुढे धरला. "याच्यापासून जपा. डेंगे बारीक, शेपूट जाड. काळ्याचे डेंगे जाड असतात, तो भक्ष्य डेंग्यांनीच चिरडतो. जीवाला धोका आहे तो या लाल विंचवापासून."

मग तपासणी सुरू झाली. वेळ, जागा, कोणत्या दगडाखाली, सगळं वहीत. भिंगाखाली विंचू उताणा दिसेल असा डबा धरला. पोटाखाली दोन कंगवे होते. हा अवयव जगात फक्त विंचवालाच असतो. त्याने तो जमिनीचा वास आणि पोत ओळखतो. कंगव्याचे दात मोजले की जात ठरवायला मदत होते. डेंग्यांवरच्या संवेदी केसांच्या जागाही तपासतात. ती पद्धत फ्रेंच अभ्यासक मॅक्स व्हाशों यांनी १९७०च्या दशकात नीट बसवून दिली.

या लाल विंचवाला १७९८ मध्ये डॅनिश अभ्यासक फॅब्रिशियस यांनी 'टॅम्युलस' असं नाव दिलं. १९०० साली पोकॉक यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या विंचवांची नोंद ग्रंथात केली. आपल्या भूमीवर, आपल्या माणसांनी केलेलं मोठं काम १९८३ मध्ये आलं: बी. के. टिकादर आणि पुण्याच्या प्राणी सर्वेक्षण केंद्रातले देशभूषण बस्तवडे यांचा भारतीय विंचवांवरचा खंड. माझ्या सोबत्याच्या पिशवीत त्याच्या झेरॉक्स होत्या, कडा दुमडलेल्या. लाल विंचू आधी ब्यूथस होता, मग मेसोब्यूथस, आता हॉटेन्टोटा. 'टॅम्युलस' मात्र टिकलं. काळ्या इंगळ्यांची २०२० मध्ये नवी मांडणी झाली. त्यातल्या एका प्रजातिगटाचं नाव डेक्कनोमेट्रस, म्हणजे त्यात आपलं दख्खन आलं.

ही ओळख कशासाठी, याचं उत्तर रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीत मिळतं. १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेले रुग्ण येत आणि गंभीर रुग्णांपैकी शंभरात चाळीसच्या आसपास दगावत. बावस्कर खाटेशेजारी बसून नोंदी घेत राहिले: दरदरून घाम, उलटी, थंडगार हातपाय, आधी चढणारा रक्तदाब, मग फुप्फुसात साठणारं पाणी. विषामुळे मज्जातंतूंतल्या सोडियमच्या वाटा उघड्याच राहतात, शरीरात उत्तेजक रसायनांचा पूर येतो आणि हृदय थकतं. या नोंदी १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे स्वस्त औषध त्या पुराचा परिणाम रोखतं, हे त्यांनी १९८६ मध्ये तिथेच मांडलं. मृत्यूचं प्रमाण शंभरात एकापर्यंत खाली आलं. २०११ मध्ये महाडच्याच सत्तर रुग्णांवरच्या अभ्यासातून दिसलं की प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिलस दिली, तर रुग्ण लवकर सावरतो.

संत एकनाथांच्या भारुडातही विंचवाच्या बाधेत घाम सांगितला आहे. लक्षण आपल्याला चारशे वर्षं माहीत होतं. त्या घामाचा अर्थ लावायला रात्रभर रुग्णाजवळ बसणारा डॉक्टर लागला, आणि चावला तो विंचू कोणता हे सांगायला कंगव्याचे दात मोजणारा अभ्यासक. दोघांचं काम एकच: न घाबरता, न कंटाळता पाहणं.

पहाटे त्याने लाल विंचू ज्या दगडाखाली सापडला तिथेच सोडला. मळ्याचा मालक चप्पल उगारून उभा होता. त्याने ती खाली ठेवली.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. बूट घालण्याआधी झटका, लाकडं उचलताना हात जपून घाला. विंचू चावलाच, तर जखम कापू नका, आवळून बांधू नका, मंत्रात वेळ घालवू नका. घाम, उलटी किंवा गार हातपाय दिसण्याची वाटही पाहू नका. थेट आरोग्य केंद्र गाठा. औषध आहे, आणि ते वेळेवर मिळालं तर माणूस वाचतो.