चार मीटर खालची हवा

गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडी इथे ‘टेरी’ या ऊर्जासंशोधन संस्थेचा परिसर आहे. तिथे २०००च्या सुमारास प्रशिक्षणार्थींसाठी तीस खोल्यांचं वसतिगृह बांधलं गेलं. या खोल्यांना थंडावा आणि ऊब पुरवणारी हवा जमिनीखालून येते. इमारतीबाहेर चार मीटर खोलीवर चार भुयारी नळ पुरले आहेत. प्रत्येकाची लांबी ७० मीटर आणि व्यास ७० सेंटिमीटर. पंखे बाहेरची हवा या नळांत ढकलतात. मातीला लागून जाता जाता ती उन्हाळ्यात निवते, हिवाळ्यात कोमट होते आणि मग खोल्यांत शिरते. खोलीतली वापरलेली हवा बाहेर ओढून घ्यायला दक्षिणेच्या बाजूला सौरचिमण्या आहेत. उन्हानं चिमणी तापते, आतली हवा हलकी होऊन वर चढते आणि तिच्यामागोमाग खोलीतली हवा निघते. दिल्लीकडची मे महिन्यातली लू आणि जानेवारीतली हाडं गोठवणारी रात्र, दोन्हींवर हाच इलाज.

हे जमतं, कारण जमिनीला ऋतू उशिरा कळतात. दिवसभराच्या उन्हाची धग मातीत फार तर हात-दीड हात उतरते, तोवर रात्र होते आणि ती परत फिरते. वर्षाचा उन्हाळा-हिवाळा त्याहून खोल पोहोचतो, पण तीन-चार मीटरवर त्याचा जोर बराच ओसरलेला असतो आणि तो दोन-तीन महिने मागे पडलेला असतो. वर वैशाख पेटलेला असताना खालच्या मातीत माघ-फाल्गुनाचा गारवा शिल्लक असतो. त्याहूनही खाली गेलं की मातीचं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीजवळ स्थिरावतं. या यंत्राबद्दलचा माझा सगळा युक्तिवाद या सरासरीवर उभा आहे. नळी तुम्हाला तुमच्या गावाची सरासरी आणून देते, त्याहून जास्त काही देत नाही. ती सरासरी सुखाची असेल आणि वरचं हवामान तिच्यापासून दूरदूर झोके घेत असेल, तर नळी पुरण्यात अर्थ आहे.

आपल्याकडे या कल्पनेची नीट मोजदाद अहमदाबादच्या आयआयएममधले प्राध्यापक गिरजा शरण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. त्यांनी तीन मीटर खोलीवर ५० मीटर लांबीची, अवघ्या दहा सेंटिमीटर व्यासाची लोखंडी नळी पुरली. मे महिन्यात त्या खोलीवर मातीचं तापमान २६.६ अंश सेल्सिअस होतं, जानेवारीत २४.२. वर्षातले दोन टोकाचे महिने आणि फरक जेमतेम अडीच अंशांचा! मे महिन्यातल्या दुपारी ४०.८ अंशांची हवा नळीतून बाहेर पडताना २७.२ अंशांवर आली होती. जानेवारीच्या रात्री थंड हवेला जवळपास तितकीच ऊब मिळाली. या गटानं अहमदाबादच्या प्राणिसंग्रहालयात वाघांच्या निवाऱ्यासाठी अशीच व्यवस्था केली आणि कच्छमधल्या कोठारा इथे हरितगृहासाठीही. कच्छची निवड मला विशेष समजूतदार वाटते. तिथे पाणी दुर्मीळ आहे आणि हरितगृह गार ठेवायची नेहमीची पद्धत पाण्यावर चालते.

त्याच प्रयोगातला एक आकडा मात्र डोळे उघडणारा आहे. थंडाव्यासाठी एक युनिट वीज खर्चून सुमारे ३.३ युनिट उष्णता हलवली गेली. चांगला एसीही साधारण एवढंच काम करतो. मग जमीन खणून काय मिळवलं? उत्तर नळीच्या व्यासात आहे. अरुंद नळीतून हवा जोरानं रेटावी लागते आणि पंख्याची बरीचशी वीज घर्षणातच जिरते. नळी रुंद केली की पंखा हलका चालतो, पण मग मधून जाणारी हवा भिंतीला न लागताच पुढे निघून जायची भीती, म्हणून लांबी वाढवावी लागते. हा मेळ साधणं हेच इथलं खरं कसब. साधा हिशेब करून पाहा. तासाला हजार घनमीटर हवा बारा अंशांनी थंड केली, तर सुमारे चार किलोवॉट उष्णता निघून जाते, म्हणजे एक टनाच्या एसीहून थोडं जास्त काम. नळी नीट आखलेली असेल तर पंख्याला त्यासाठी काहीशे वॉट पुरावेत. शिवाय बंद खोलीतली तीच हवा घुसळत न ठेवता सतत ताजी हवा मिळते.

ही युक्ती जुनी आहे. इटलीत विचेन्झाजवळच्या कोस्तोझ्झा गावी डोंगरातल्या जुन्या दगडखाणींची थंड हवा सोळाव्या शतकात भुयारी मार्गांनी हवेल्यांत आणली गेली. वास्तुकार पाल्लादिओनं १५७०च्या आपल्या ग्रंथात तिचं वर्णन केलं आहे. जर्मनीत १९९१ साली डार्मस्टाटच्या क्रानिखस्टाइन वस्तीत जे पहिलं ‘पॅसिव्ह हाउस’ उभं राहिलं, त्यातही ताजी हवा आधी जमिनीखालून फिरवून घेतलेली होती, पण तिथे गरज हिवाळ्यातली होती.

आता आपल्याकडे. नागपूर-चंद्रपुराकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो आणि घरोघरी वाळ्याचे कूलर लागतात. कोरड्या हवेत कूलर उत्तम काम करतो, यात वाद नाही. पण तो दिवसाकाठी बादल्यांनी पाणी पितो, तेही नेमकं विहिरी आटलेल्या आणि टँकर फिरत असलेल्या दिवसांत. भुयारी नळीला पाण्याचा थेंब लागत नाही. विदर्भ-मराठवाड्यासाठी मला हे विजेच्या बचतीहून मोठं वाटतं. विदर्भाची वार्षिक सरासरी सत्तावीस अंशांच्या आसपास आहे. उघड्या, उन्हानं भाजलेल्या पडीक जमिनीत ती एखाद-दोन अंश वर जाईल. झाडांच्या सावलीतल्या, ओल धरणाऱ्या जमिनीत मात्र चांगली साथ मिळेल. पंचेचाळीस अंशांची हवा तीसच्या घरात आली आणि वर छताचा पंखा फिरत असला, तर ग्रामीण रुग्णालयातल्या बाळंतिणीला आणि तिच्या तान्ह्या बाळाला तो फरक पुरेसा आहे. उन्हापायी विदर्भातल्या शाळा उरलेल्या राज्यानंतर उघडतात. शाळेच्या वर्गांसाठीही याचा विचार झालाच पाहिजे, कारण वर्ग दिवसा भरतात आणि रात्री नळीतून गार हवा फिरवून मातीला पुन्हा निववता येतं. ही रात्रीची पाळी चुकवून चालत नाही. सतत गरम हवा सोसून नळीभोवतीची माती स्वतःच तापते आणि संध्याकाळपर्यंत तिचा गारवा सरतो.

कोकणपट्टीत आणि मुंबईत ही नळी पुरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे सरासरी आणि रोजचं तापमान यांत फारसं अंतर नाही आणि खरा त्रास दमटपणाचा आहे. बत्तीस अंशांची दमट हवा सत्तावीसवर आणली की ती जवळजवळ बाष्पानं भरलेलीच होते. अंगाचा घाम वाळत नाही तो नाहीच. पावसाळ्यात ग्वाल पहाडीतही निव्वळ नळांवर भागत नाही, हवेतली वाफ काढणाऱ्या यंत्राची जोड द्यावी लागते.

बांधकामात चुकायच्या जागा ठरलेल्या आहेत. नळीला एका दिशेनं उतार हवा आणि उताराच्या टोकाला पाणी काढून टाकायची सोय, नाहीतर आत साचलेल्या ओलीत बुरशी धरते आणि तोच वास घरभर फिरतो. जोड घट्ट नसतील तर पावसाचं पाणी आत झिरपतं. तोंडाला बारीक जाळी नसली की उंदीर, साप, डास यांचं फावतं. आत उतरून किंवा ब्रश घालून साफ करता येईल अशी वाट पहिल्याच आराखड्यात ठेवावी लागते. भराव नळीला चिकटून बसेल असा दाबून घ्यावा लागतो, कारण मध्ये राहिलेली पोकळी उष्णता अडवते. काळ्या मातीचा दोष वेगळा: ओली असताना ती नळीला छान बिलगते, सुकली की भेगाळून सुटते आणि फुगता-आकसता जोड हलवते. म्हणून नळीभोवती वाळूचा थर द्यावा.

सगळ्यात मोठी अडचण खणण्याची आहे. दख्खनच्या पठारावर पुष्कळ ठिकाणी हात-दोन हात माती, मग मुरूम आणि लगेच काळा कातळ लागतो. कातळ फोडून चार मीटरचा चर काढण्यात होणारा खर्च विजेच्या बिलातून वसूल व्हायला फार वर्षं लागतील. जिथे पायासाठी जेसीबी आणलेलाच आहे आणि खालीही माती किंवा मुरूमच आहे, तिथे त्याच खोदाईत नळी टाकून घेणं परवडतं. राहत्या घराच्या अंगणात मागाहून हा खटाटोप क्वचितच फायद्याचा ठरतो. नवी इमारत मंजूर झाल्यापासून पाया खणेपर्यंत सरकारी कामात बहुधा वर्ष जातंच. तेवढ्या अवधीत त्या जागेवर तीन-चार मीटरचं एक भोक पाडून, त्यात तापमापक सोडून दर आठवड्याला आकडा लिहून ठेवला, तर त्या जमिनीत नळी पुरावी की नाही, हे खोदाई सुरू होण्याआधीच कळेल.