नळी लांब, पल्ला लांब?

बॉलपेनची रिफिल काढलेली नळी आणि कागदाचा ओला बोळा! वर्गात हा तोफखाना कुणी चालवला नाही? (शिक्षकांनी इकडे जरा काणाडोळा करावा.) आता तीच नळी अर्धी कापा आणि तेवढ्याच जोराने फुंका. बोळा अलीकडेच पडेल. कारण बोळा नळीत असेपर्यंतच फुंकरीचा दाब त्याला ढकलतो. बाहेर पडला, की ढकलणारे कुणी नाही.

तोफेत फुंकरीचे काम दारूच्या ज्वलनातून निघालेले तप्त वायू करतात. त्यांचा दाब कायम राहिला असता, तर नळी दुप्पट लांब केल्यावर गोळ्याची ऊर्जा दुप्पट झाली असती. वेग मात्र १.४ पटच, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. आणि दाब कायम कुठला राहायला! गोळा पुढे सरकतो तशी वायूंना जागा मिळते, दाब उतरत जातो. घर्षण मात्र शेवटपर्यंत पाठ सोडत नाही.

मग नळी किती लांबवावी? २३ मार्च १९१८ रोजी पॅरिसमध्ये स्फोट होऊ लागले, तेव्हा लोक आकाशात विमान शोधत होते. तोफ होती सुमारे १२० किलोमीटरवर, जर्मनांच्या ताब्यातील रानात! २९ मार्चला तिचा गोळा सेंट जर्व्हे चर्चवर पडला आणि प्रार्थनेला जमलेले ऐंशीहून अधिक लोक दगावले.

या तोफेची नळी ३० मीटरहून लांब होती. स्वतःच्या वजनाने ती वाकत असे, म्हणून तिला वरून ताण द्यावे लागत. शंभर किलोहून जड गोळा सेकंदाला सुमारे १६०० मीटर वेगाने बाहेर पडे. गणित करून पाहा: हवा नसती, तर ४५ अंशांच्या कोनात तो २६० किलोमीटर गेला असता. निम्म्याहून अधिक पल्ला हवेनेच गिळला. तोही, नळी ५० अंशांपर्यंत उचलून गोळा सुमारे ४० किलोमीटर उंचीवरच्या विरळ हवेतून नेला तरी!

पण खरी पंचाईत व्यासाची झाली. तप्त वायू आणि घर्षण यांमुळे नळी प्रत्येक बाराला आतून झिजे. फट पडली, की वायू निसटणार आणि वेग घटणार. म्हणून गोळ्यांना क्रमांक दिलेले असत आणि पुढचा प्रत्येक गोळा आधीच्यापेक्षा किंचित जाड असे. क्रम चुकवून चालत नसे. सुमारे साठ-पासष्ट बारांनंतर नळी उतरवून कारखान्यात पाठवावी लागे. तेथे २१ सेंटिमीटरचे भोक कोरून २४ सेंटिमीटरचे करत.