शेतकऱ्याचें निवृत्तिवेतन

“तुम्हांस घरबसल्या पेन्शन मिळते; जन्मभर राबलेल्या आम्हांस कां नाहीं?” असें थेरगांवचे शेतकरी बंधु आम्हांस विचारतात. प्रश्न रास्त आहे.

आम्ही महसूल खात्यांत कारकून होतों. जुन्या नियमाप्रमाणें पगारांतून कांहीं कपात न होतां आम्हांस निवृत्तिवेतन मिळतें. त्याचा बोजा सरकारी तिजोरीवर, म्हणजे आपणां सर्वांवर पडतो. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या नोकरींत लागलेल्यांच्या पगारांतून मात्र वर्गणी कापूं लागले. त्यावरून मार्च २०२३ मध्यें मोठा संप झाला. शेतकऱ्यानें संप कोणाविरुद्ध करावा?

२०१९ सालीं निघालेल्या किसान मानधन योजनेंत १८ ते ४० वयाच्या, दोन हेक्टरांपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्यास घेतात. अठराव्या वर्षीं आरंभ केल्यास दरमहा ५५ रुपये, चाळिसाव्या वर्षीं २०० रुपये वर्गणी. सरकार तितकीच भर घालतें. साठीनंतर दरमहा ३,००० रुपये मिळतात. परंतु नवनगर विकास प्राधिकरण १९७२ सालीं स्थापन झालें व येथील पुष्कळ जमिनी संपादनांत गेल्या. सातबारावर नांव उरलें नाहीं, त्यानें २०१५ ची अटल पेन्शन योजना पाहावी. प्राप्तिकर न भरणाऱ्यास ती खुली आहे. वयाची अट तीच.

आम्ही आमच्या पुतण्यास हें वेळीं सांगितलें नाहीं. आज तो बेचाळीस वर्षांचा आहे. दोन्ही दारें बंद. चाळिशी उलटलेल्यांसाठीं सरकारनें वाट काढावी, हें न्यायाचें मागणें होय. पण घरांतील अठरा वर्षांच्या मुलाची वर्गणी सुरू करणें, हें आपलेंच काम आहे.