वाट विचारून आखलेले प्रवास

मुंबईहून मोटारीने आग्रा-दिल्लीपर्यंत, आणि जमल्यास पुढे हिमालयाच्या पायथ्यापर्यंत जाण्याचा बेत स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत ज्यांनी केला, त्यांच्या पूर्वतयारीचा मागोवा घेताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते, ती ही की, त्या पिढीचा नकाशावर विश्वास असला तरी भिस्त मात्र नुकत्याच त्या वाटेने जाऊन आलेल्या माणसावर असे. मोटारमालकांची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन १९१९ सालीच मुंबईत स्थापन झाली होती. बांधकाम खात्याच्या विश्रामगृहासाठी आगाऊ अर्ज करून परवानगीचा कागद जवळ बाळगण्याचा रिवाजही होता. तथापि कोणत्या विश्रामगृहाचा खानसामा अवेळी आलेल्या पाहुण्यास जेवू घालतो, कोठल्या विहिरीचे पाणी गोड आहे, कोणत्या गावानंतर पेट्रोलची शाश्वती नाही, ही माहिती कोणत्याच दप्तरी नोंदलेली नसे.

नाशिक, धुळे, शिरपूर, सेंधवा, इंदूर, शिवपुरी, ग्वाल्हेर आणि आग्रा, हा त्या काळचा राजरस्ता. कसाऱ्याचा घाट पहाटेच्या गारव्यात चढावा. इंजिन तापलेच, तर रेडिएटरचे झाकण घाईने उघडू नये. पंख्याचा जादा पट्टा आणि दोन ट्यूब बरोबर असाव्यात. शिरपूर सोडल्यावर बिजासनचा घाट लागतो, तेव्हा ब्रेक तेथे पोचण्यापूर्वीच तपासून घ्यावेत. आणि पावसाळ्यात फरशीपुलावरून पाणी वाहत असेल, तर पलीकडून एखादी मालमोटार येईपर्यंत थांबावे, कारण तिच्या चाकांवरून पाण्याची खोली कळते. अशा सूचना एकाच्या वहीतून दुसऱ्याच्या वहीत उतरत. चंबळच्या खोऱ्यातून सूर्यास्तानंतर जाऊ नये, ही सूचना तर घरातील वडीलधारी माणसे शपथ घालून देत. १९६० साली विनोबांपुढे आणि १९७२ साली जयप्रकाशांच्या प्रयत्नांनी तेथील दरोडेखोरांनी शस्त्रे खाली ठेवली, तरी रस्त्याची ती दहशत प्रवाशांच्या मनातून निघून जाण्यास आणखी बराच काळ जावा लागला.

ही परंपरा मोटारीच्याही पूर्वीची आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने पायी उत्तरेकडे निघाले, तेव्हा पुढे काय वाढून ठेवले आहे याची पहिली वार्ता त्यांना महूच्या अलीकडे वाटेत भेटलेल्या शिपायांकडूनच मिळाली.

पुढील काळात सुवर्ण चतुष्कोनाच्या ५,८४६ किलोमीटर मार्गांनी मैदानी प्रदेशाचा प्रवास सुकर केला. तीन क्रमांकाचा जुना आग्रा रोड २०१० च्या फेरक्रमांकनात निरनिराळ्या क्रमांकांत विभागला गेला. मालमोटारींच्या रांगांनी वाट अडविणारा मुंबईचा जकात नाका १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराबरोबर इतिहासजमा झाला. २०२१ पासून पथकरासाठी फास्टॅग अनिवार्य झाला. मुक्काम कोठे करावा, हे आता ढाब्याबाहेर उभ्या असलेल्या ट्रकांच्या संख्येवरून ठरवावे लागत नाही. मात्र डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरच्या पुढे पडणारे दाट धुके आजही सकाळी कोणास लवकर निघू देत नाही, आणि तेथे मात्र पहाटे निघण्याचा जुना सल्ला उलटा फिरवावा लागतो.

सहप्रवाशांच्या सल्ल्याचे खरे मोल आता लडाखच्या वाटेवर राहिले आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा खुला झाल्याने रोहतांगची चढण टळली, परंतु त्यापुढील उंची कोणत्याही बोगद्याने कमी झालेली नाही. म्हणून जाणते लोक श्रीनगर, कारगिल या वाटेने जावे आणि मनालीमार्गे परतावे, असे सांगतात. कारण त्या वाटेने उंची हळूहळू वाढते आणि विरळ हवेशी जुळवून घेण्यास शरीराला अवसर मिळतो. मनालीहूनच चढावयाचे असेल, तर पहिला मुक्काम केलाँग किंवा जिस्पा येथे करावा, सरचूला नव्हे. बर्फाचे पाणी दिवस चढेल तसे वितळून नाल्यांना येत असल्याने रस्त्यावरून वाहणारे ओढे सकाळीच ओलांडावेत. परप्रांतातील प्रीपेड मोबाईल तेथे चालत नाही, यास्तव पोस्टपेड जोडणी घेऊन जावे.

यांतील प्रत्येक सूचनेमागे कोणाची तरी खर्ची पडलेली रात्र आहे, आणि म्हणूनच ती ऐकताना मला सांगणाऱ्याविषयी आदर वाटतो. परंतु सांगणाऱ्याला एक प्रश्न अवश्य विचारावा, तो म्हणजे, आपण त्या वाटेने कोणत्या तारखेस गेलात? जूनमधील ओढ्याचे वर्णन सप्टेंबरातील प्रवाशाच्या कामाचे नसते, आणि दरड कोसळून बंद झालेला रस्ता सीमा सडक संघटनेने आठवड्यात मोकळा केलेलाही असतो. जिस्पाला उतरलेल्यांनी रात्री जेवणापूर्वी लेहकडून आलेल्या चालकांना गाठावे, त्यांनी त्याच दिवशी पाहिलेले पाणी कोठवर होते ते विचारावे, आणि पुढचा मुक्काम त्यानंतरच ठरवावा. त्याकरिता मूळ आखणीत दोन दिवस मोकळे ठेवलेले असावेत.